रौप्यकार पॉल रिव्हिअर

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत संत नरहरी महाराजांसारख्या विभूतीचे, अथवा समाजाची निरलस सेवा केलेल्या एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा उचित आहे. या खेपेस मात्र वाचकांस सातासमुद्रांपलीकडे नेण्याचे योजिले आहे. ज्याचे चरित्र येथे द्यावयाचे तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, देशाचा नव्हे की धर्माचाही नव्हे. परंतु ऐरण, हातोडी, फुंकणी आणि मूस यांच्याशी त्याचे नाते आपल्या वाडवडिलांइतकेच निकटचे होते. अमेरिकेतील बॉस्टन शहरी अठराव्या शतकात होऊन गेलेला पॉल रिव्हिअर हा तो कारागीर होय.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास ज्यांनी शाळेत वाचला असेल त्यांस हे नाव अगदीच अपरिचित नसेल. मध्यरात्री घोडा फेकीत जाऊन शत्रुसैन्य निघाल्याची वर्दी गावोगाव देणारा वीर, एवढीच त्याची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. तो घोडेस्वार होता एका रात्रीपुरता. सोनार होता जवळजवळ जन्मभर. त्या एका रात्रीची थोरवीही त्याच्या ऐरणीपासून निराळी काढता येत नाही, हे पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानी येईल.

पूर्वज आणि उमेदवारी

पॉलचा पिता मूळचा फ्रान्स देशाचा. त्याचे नाव अपोलोस रिव्हॉयर. फ्रान्समध्ये त्या काळी प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ चालू होता. इ. स. १६८५ मध्ये राजाने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि सहस्रावधी कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांत कसबी कारागिरांचा भरणा मोठा होता. अशाच एका कुटुंबातील हा अपोलोस वयाच्या तेराव्या वर्षी, इ. स. १७१५ च्या सुमारास, बॉस्टनला आला आणि जॉन कोनी नावाच्या नामांकित रौप्यकाराजवळ उमेदवार म्हणून राहिला. उमेदवारी म्हणजे करारच असे. ठराविक वर्षे गुरूच्या घरी राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे आणि मोबदल्यात अन्नवस्त्र व विद्या घ्यावयाची. मुदत संपण्यापूर्वीच १७२२ मध्ये कोनी वारला. तेव्हा अपोलोसने उरलेल्या वर्षांची किंमत गुरूच्या वारसांस भरून आपली मोकळीक करून घेतली व पुढे स्वतःचे दुकान थाटले. आपले फ्रेंच नाव गावकऱ्यांच्या जिभेवर नीट बसत नाही हे पाहून त्याने ते बदलून पॉल रिव्हिअर असे सोपे केले. परमुलखात जाऊन हाताच्या कसबावर घर उभे करणाऱ्या आपल्याकडील कित्येक कुटुंबांचे मूळपुरुष असेच निघालेले आहेत.

चरित्रनायक पॉल याचा जन्म १७३४ च्या अखेरीस झाला. घरात भावंडे पुष्कळ. जगलेल्या मुलग्यांत हाच थोरला. लिहिणे, वाचणे व हिशेब येण्यापुरते शिक्षण त्याने गावच्या शाळेत घेतले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास तो बापाच्या हाताखाली बसला. त्याच सुमाराची एक लहानशी गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. जवळच्या ख्राइस्ट चर्चमध्ये इंग्लंडहून आणविलेल्या आठ घंटांचा संच होता. पॉल व त्याचे काही सोबती यांनी त्या घंटा नियमाने वाजविण्याचा लेखी करार केला. आपसांत एकाने मुख्य व्हावे, मतांनी निर्णय घ्यावेत आणि कोणीही भीक मागू नये, अशी कलमे त्या पोरांनी स्वतःच घातली होती. घंटेचा दोर धरणारा हा मुलगा पुढे स्वतः घंटा ओतणार होता, आणि त्याच देवळाच्या मनोऱ्यावरून एके रात्री इतिहासाला कलाटणी देणारी खूण होणार होती.

१७५४ च्या जुलैत बाप वारला, तेव्हा पॉल एकोणीस वर्षांचा होता. कायद्याने त्यास एकविसाव्या वर्षापूर्वी स्वतःच्या नावाने दुकान चालविता येत नव्हते. म्हणून आईच्या नावाने दुकान चालू राहिले आणि काम पॉलने ओढले. मध्यंतरी १७५६ मध्ये तो तोफखान्यात शिरून फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेवर जाऊन आला. परतल्यावर १७५७ मध्ये त्याने सारा ऑर्न हिच्याशी विवाह केला. तिच्यापासून त्यास आठ अपत्ये झाली. १७७३ मध्ये ती निवर्तल्यावर रेचेल वॉकर हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला व तिलाही आठ अपत्ये झाली. सोळांपैकी कित्येक बालपणीच दगावली. एवढा मोठा प्रपंच केवळ हातोडीवर चालवावयाचा होता, हे लक्षात ठेवून पुढील चरित्र वाचावे.

दुकान आणि हिशेबाची वही

त्या काळच्या बॉस्टनमध्ये चांदी येई कोठून, हा प्रश्न आपल्या वाचकांस सहजच पडेल. खाण जवळपास नव्हती. गिऱ्हाईक स्वतःच चांदी घेऊन येई. कधी स्पेनचे रुपेरी नाणे, कधी आजीच्या वेळची मोडकी भांडी. ती तोलावयाची, वितळवावयाची आणि त्यांतून नवा नग घडवावयाचा. वजनाप्रमाणे चांदीची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी. पेढ्या व बँका नव्हत्या, त्यामुळे घरची शिल्लक चांदीच्या भांड्यांच्या रूपाने जपली जाई. नाणे चोरीस गेले तर ओळखता येत नाही, पण नाव कोरलेले भांडे ओळखता येते, हा त्यात हिशेब असे. जुने डाग मोडून लेकीच्या लग्नात नवे करणाऱ्या आपल्या घरांतील व्यवहाराशी हे किती जुळते!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडात चांदीचा कस तपासून सरकारमान्य ठसा मारण्याची व्यवस्था शतकानुशतके चालत आली होती. अमेरिकेतील वसाहतीत अशी कचेरी नव्हती. तेथे कारागिराने आपल्या नावाचा ठसा मारावयाचा आणि त्या नावावर लोकांनी विश्वास ठेवावयाचा. हीण अधिक घातले तर पकडणारा अधिकारी कोणी नाही. परंतु एकदा नाव गेले की दुकान गेले. चौकटीत कोरलेला रिव्हिअर हा ठसा पिता-पुत्रांनी जपला आणि आज संग्रहालयांतून तो ठसा पाहूनच नग ओळखले जातात.

चांदीचे भांडे घडविण्याची त्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांच्या रीतीहून फारशी निराळी नव्हती. चांदी मुशीत वितळवून तिची लगड ओतावयाची, ती ठोकून पत्रा करावयाचा आणि तो पत्रा ऐरणीवर फिरवीत, गोलाकार घाव घालीत, वर वर उचलून पेल्याचा किंवा चहादाणीचा आकार आणावयाचा. हातोडीखाली चांदी कठीण होते व तडकू पाहते. म्हणून वरचेवर ताव देऊन तिला मऊ करून घ्यावे लागते. ताव कमी पडला तर भेग, अधिक झाला तर भांडे वितळून गेले! मूठ, तोटी, पाय हे भाग वेगळे करून झाळावयाचे, शेवटी घासून जिल्हई द्यावयाची आणि मग नक्षी अथवा नाव कोरावयाचे. कोरणीच्या कामात पॉलचा हात विशेष बसला होता.

त्याच्या दुकानाच्या रोजकीर्दी १७६१ पासून लिहिलेल्या सुदैवाने शिल्लक राहिल्या आहेत. त्यांत मिळून पाच हजारांहून अधिक नगांची नोंद आढळते. चहादाण्या, चमचे व पेले तर आहेतच. शिवाय सोन्याच्या अंगठ्या, गुंड्या, जोड्यांची बक्कले, शस्त्रवैद्यांची हत्यारे आणि चष्म्यांच्या चौकटी आहेत. श्रीमंत मयताच्या स्मरणार्थ आप्तेष्टांस नाव कोरलेल्या सोन्याच्या अंगठ्या वाटण्याची तिकडे चाल होती, त्याही आहेत. १७७२ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या पाळीव खारीसाठी चांदीची साखळी करून दिल्याची नोंददेखील आहे. मोठे काम आले म्हणून फुगावयाचे नाही आणि लहान काम आले म्हणून परतवावयाचे नाही, हा बाणा त्या वह्यांच्या पानापानांवर दिसतो.

तथापि सर्व दिवस सारखे नव्हते. फ्रेंचांशी चाललेले युद्ध आटोपल्यावर बॉस्टनचा व्यापार बसला, त्यात इंग्लंडच्या सरकारने नवनवीन कर बसविले. १७६५ मध्ये एका सावकाराने पॉलवर कर्जाची फिर्याद केली. ती आपसांत मिटली, परंतु प्रसंग कठीण होता. मंदीत चांदीचे काम मिळेना, तेव्हा त्याने तांब्याच्या पत्र्यांवर चित्रे कोरून छापण्याचा उद्योग आरंभिला. एका दंतवैद्याकडून दात बसविण्याची कला शिकून घेतली आणि हस्तिदंती दात तारेने बांधून देण्याच्या जाहिराती वृत्तपत्रांत दिल्या. ज्या हातांना बारीक तार ओढता येते त्यांना तोंडात दात बांधता येतो, असा सरळ विचार त्यामागे होता. या विद्येचा एक करुण उपयोग पुढे झाला. त्याचा जिवलग मित्र डॉक्टर जोसेफ वॉरन १७७५ च्या जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत पडला. कित्येक महिन्यांनंतर, १७७६ मध्ये, प्रेते उकरली तेव्हा ओळख पटेना. पॉलने आपल्या हाताने तारेने बांधलेला दात पाहून मित्राचा देह ओळखला.

चांदीचा पेला आणि तांब्याचे चित्र

१७६८ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने करांविरुद्ध इतर वसाहतींस एक परिपत्रक धाडले. राजाज्ञा आली की ते मागे घ्या. ९२ सभासदांनी नकार दिला. त्या ९२ जणांच्या गौरवार्थ १५ देशभक्तांनी पॉलकडून एक रुपेरी वाडगा करवून घेतला. त्याचे वजन ४५ औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे १२० तोळे. ४५ हा आकडाही सहेतुक होता. लंडनच्या जॉन विल्क्सने आपल्या पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका करून तुरुंगवास पत्करला होता. या वाडग्याचा आकार अगदी साधा, डौलदार आणि नक्षीच्या भाराविना आहे. १९४९ मध्ये तो बॉस्टनच्या कलासंग्रहालयासाठी वर्गणी काढून विकत घेण्यात आला, तेव्हा सुमारे ७०० शाळकरी मुलांनीही आपले पैसे त्यात घातले. त्याच घाटाचे वाडगे अमेरिकेत बक्षिसे व आहेर म्हणून आजही दिले जातात.

त्याच वर्षी जॉन कॉप्ली या थोर चित्रकाराने पॉलचे तैलचित्र काढले. त्या काळी तसबीर काढवून घेणारा गृहस्थ भरजरी कोट घालून बसे. पॉल मात्र सदऱ्याच्या बाह्यांनिशी, हातात चहादाणी आणि पुढ्यात कोरण्याची हत्यारे अशा कामाच्या वेषात बसला आहे. आपल्या धंद्याची लाज वाटणारा मनुष्य असे चित्र काढवून घेणार नाही. हाताने काम करणारा तो कमी प्रतीचा, ही समजूत त्या समाजातही होतीच. तिला दिलेले ते न बोलता दिलेले उत्तर होते, असे मला वाटते.

चरित्र लिहिताना गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. ५ मार्च १७७० रोजी बॉस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी जमावावर गोळीबार केला आणि पाचजण प्राणास मुकले. पॉलने त्या प्रसंगाचे तांब्यावर कोरलेले चित्र छापून विकले आणि त्याने लोकांत क्षोभ उसळला. परंतु त्या चित्राची मूळ आखणी हेन्री पेल्हम नावाच्या तरुण चित्रकाराची होती आणि ती त्याच्या अनुमतीवाचून घेतली होती. पेल्हमने तशी तक्रार पत्राने केली. दुसऱ्या कारागिराची आखणी त्यास न विचारता उचलणे हा आपल्या धंद्यातला मोठा दोष होय. देशकार्याच्या घाईनेही तो पुसला जात नाही.

ती रात्र

१६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या. ती वार्ता घेऊन पॉल घोड्यावरून न्यूयॉर्कला गेला. तेव्हापासून देशभक्तांच्या समितीचा विश्वासू जासूद म्हणून त्याच्या खेपा चालू झाल्या. बॉस्टनमधील सुमारे ३० जणांचे एक मंडळ इंग्रज पलटणींच्या हालचालींवर रात्री पहारा ठेवीत असे. त्यांत बहुतेक कारागीरच होते. सुतार, लोहार, सोनार यांस गावचा प्रत्येक बोळ ठाऊक, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा कोणास संशय येत नाही.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री डॉक्टर वॉरनने पॉलला बोलावून सांगितले की, सैन्य निघत आहे. लेक्सिंग्टन गावी असलेल्या हँकॉक व अ‍ॅडम्स या पुढाऱ्यांस सावध केले पाहिजे. शहराबाहेर पडता न आले तर काय, याची तजवीज पॉलने आधीच करून ठेवली होती. सैन्य खुष्कीने निघाले तर ख्राइस्ट चर्चच्या मनोऱ्यावर एक कंदील आणि नदी ओलांडून निघाले तर दोन, ही खूण पैलतीरावरच्या मंडळींसाठी होती. त्या रात्री दोन कंदील लागले. दोघा मित्रांनी पॉलला होडीतून इंग्रजांच्या युद्धनौकेजवळून गुपचूप पलीकडे उतरविले. उसना घोडा घेऊन तो वाटेतील घरोघर वर्दी देत मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला पोहोचला. दुसऱ्या वाटेने विल्यम डॉज हाही आला. पुढे कॉन्कॉर्डकडे जाताना इंग्रजांच्या गस्तीने पॉलला पकडले. डॉक्टर प्रेस्कॉट नावाचा तिसरा स्वार निसटून कॉन्कॉर्डला पोहोचला. काही वेळाने पॉलचा घोडा काढून घेऊन त्यास सोडण्यात आले. तो पायी लेक्सिंग्टनला परतला आणि सकाळी गोळीबार सुरू झाला तेव्हा हँकॉकच्या कागदपत्रांची पेटी सुरक्षित स्थळी हलवीत होता.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, १८६० मध्ये कवी लाँगफेलो याने या प्रसंगावर कविता रचली आणि पॉलचे नाव जगभर झाले. पण कवितेत तो एकटाच स्वार आहे आणि थेट कॉन्कॉर्डला पोहोचतो. वस्तुतः ते काम अनेकांचे होते. कंदील लावणारा, होडी वल्हविणारे, घोडा देणारा, दुसरे स्वार या सर्वांची साखळी आधी घडविली गेली होती. साखळीची एक कडी कच्ची राहिली तर सगळी साखळी व्यर्थ जाते, हे सोनाराहून अधिक कोणास कळणार?

या कामगिरीचा खर्च त्याने समितीपुढे मांडला तो दिवसाला पाच शिलिंग या दराने. समितीने त्यास कात्री लावून चार शिलिंग मंजूर केले. देशभक्ताची बिलेही तपासून घेणारे ते लोक आणि बिल रीतसर मांडणारा तो कारागीर, दोघेही मला आदरणीय वाटतात.

कलंक आणि न्याय

त्या रात्रीनंतर पॉलला बॉस्टनला परतता येईना. बायकोमुले मागाहून बाहेर पडली. दुकान व घर सांभाळण्यास पंधरा वर्षांचा थोरला मुलगा पॉल मागे राहिला. चांदीचे काम बंद पडले. पॉलने वसाहतीच्या नोटांसाठी तांब्याचे पत्रे कोरले व नोटा छापून दिल्या. दारूगोळ्याची टंचाई होती, म्हणून त्यास फिलाडेल्फियाचा दारूचा कारखाना पाहण्यास पाठविले. मालकाने फक्त आतून एक फेरी मारू दिली. तेवढ्या पाहण्यावर परत येऊन त्याने कॅन्टन येथे कारखाना उभारण्यास साहाय्य केले. डोळ्यांनी पाहून हातांनी उतरविणे ही कारागिराची विद्याच आहे.

१७७९ मध्ये मात्र त्याच्यावर मोठे संकट आले. पेनॉब्स्कॉट येथील इंग्रजांच्या ठाण्यावर चाळीसच्या आसपास जहाजांचे आरमार धाडण्यात आले. पॉल तोफखान्याचा प्रमुख होता. वरिष्ठांच्या आपसांतील बेबनावामुळे मोहीम फसली, इंग्रजांची कुमक येताच पळापळ झाली आणि सर्व जहाजे गमावली. अशा अपयशानंतर दोष कोणाच्या तरी माथी मारला जातो. आज्ञाभंग व भित्रेपणा यांचे आरोप पॉलवर आले आणि त्यास अधिकारावरून दूर करण्यात आले.

येथे त्याचा खरा कस लागला. रागारागाने देश सोडून जाता आला असता, किंवा कालांतराने लोक विसरतील म्हणून स्वस्थ बसता आले असते. परंतु ज्याचा सारा धंदा नावाच्या ठशावर चालतो त्यास डागाळलेल्या नावाने जगणे कसे रुचावे? त्याने आपली रीतसर लष्करी चौकशी व्हावी म्हणून वारंवार अर्ज केले. अर्ज पडून राहिले. तो पुन्हा लिहीत राहिला. अखेरीस १७८२ च्या फेब्रुवारीत चौकशी झाली आणि इतर अधिकाऱ्यांच्या बरोबरीने मानपूर्वक त्याची मुक्तता झाली. सोने कसोटीस घाबरत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. येथे तर सोने स्वतःच अडीच वर्षे कसोटी मागत होते.

चांदीकडून तांब्याकडे

युद्ध संपले तेव्हा पॉल पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. बहुतेक माणसे या वयात आहे ते सांभाळतात. त्याने नवे उद्योग आरंभिले. चांदीचा पत्रा लाटण्याचे यंत्र त्याने आणविले. त्यायोगे सारख्या जाडीचा पत्रा मिळू लागला. तो वळवून, सांधा झाळून, लांबट घाटाच्या पन्हळीदार चहादाण्या त्याच्या दुकानात होऊ लागल्या. घडण सोपी झाली, किंमत उतरली आणि मध्यम स्थितीतील गिऱ्हाईकही येऊ लागले. यंत्र आले म्हणून त्याने हातोडी टाकली नाही आणि हातोडी आहे म्हणून यंत्रास नाके मुरडली नाहीत.

१७८८ मध्ये त्याने ओतकामाची भट्टी घातली. १७९२ मध्ये त्याच्या मंडळीच्या चर्चची घंटा फुटली, तेव्हा ती ओतून देण्याचे त्याने पत्करले. पहिल्या घंटेचा नाद कर्कश निघाला आणि लोकांनी नावे ठेवली. त्याने ओतणे सोडले नाही. धातूंचे प्रमाण आणि कडेची जाडी यांचा अनुभव घेत तो व त्याचे पुत्र पुढे जात राहिले आणि त्या घराण्याने जवळजवळ चारशे घंटा ओतल्या. १८१६ मध्ये केलेली, सुमारे २,४०० पौंड वजनाची घंटा बॉस्टनच्या किंग्ज चॅपेलमध्ये आहे.

सर्वांत मोठे साहस त्याने साठी उलटल्यावर केले. लाकडी जहाजांच्या बुडास तांब्याचा पत्रा मारल्यावाचून समुद्रातील किडे त्यांचे लाकूड पोखरतात. असा पत्रा लाटण्याची विद्या इंग्लंडपाशी होती आणि इंग्लंड ती कोणास सांगत नव्हते. तांबे तावून घडण्याजोगे करण्याची युक्ती पॉलने प्रयोगांनी आधीच साधली होती व युद्धनौकांसाठी तांब्याचे खिळे-कांबी तो पुरवीत होता. १८०१ मध्ये त्याने आपली २५,००० डॉलर्सची पुंजी घातली, सरकारकडून १०,००० डॉलर्स कर्ज व १९,००० पौंड तांबे घेतले आणि कॅन्टन येथे नदीच्या पाण्यावर चालणारी तांबे लाटण्याची गिरणी उभारली. त्या वेळी त्याचे वय ६६ होते. बुडाला असता तर जन्माची कमाई बुडाली असती. परंतु १८०२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या राज्यसभागृहाच्या घुमटावर त्याचा पत्रा चढला आणि १८०३ मध्ये कॉन्स्टिट्यूशन या प्रसिद्ध युद्धनौकेच्या बुडास लागला. पुढे फुल्टनच्या आगबोटींच्या बाष्पकांसाठीही त्याचेच तांबे गेले. सोनार, तांबट आणि ओतारी असे तिन्ही धंदे एका माणसाच्या आयुष्यात नांदले!

आपल्याकडे हे धंदे जन्माने वाटले गेले होते. सोनाराने तांबटाच्या आळीत जाऊन बसणे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी सोपे नव्हते. पॉलला तशी आडकाठी नव्हती. अग्नी आणि धातू यांचे त्याचे ज्ञान जिकडे गरज निर्माण झाली तिकडे वळू शकले. ही गोष्ट आपण मोकळ्या मनाने ध्यानात घेतली पाहिजे.

मंडळ आणि अखेर

आपल्यासारख्या मंडळांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट उरली. १७९५ मध्ये बॉस्टनच्या कारागिरांनी आपली एक संस्था काढली. मालक व उमेदवार यांच्यातील करार पाळले जावेत, अडचणीतील बंधूस साहाय्य व्हावे आणि मृत सभासदांच्या कुटुंबांस आधार मिळावा, हे तिचे हेतू होते. पॉल रिव्हिअर तिचा पहिला अध्यक्ष झाला व १७९९ पर्यंत ते पद त्याने सांभाळले. निरनिराळ्या धंद्यांचे लोक तिच्यात एकत्र बसत. त्याच काळात तो शहराच्या आरोग्य मंडळाचाही अध्यक्ष झाला. १७९५ च्या ४ जुलै रोजी राज्यसभागृहाची कोनशिला बसविण्याच्या समारंभात गव्हर्नर सॅम्युअल अ‍ॅडम्स यांच्याबरोबर त्याचा हात होता. त्या कोनशिलेखाली ठेवलेली पेटी २०१४ च्या डिसेंबरात काढून पुढच्या महिन्यात उघडली, तेव्हा जुन्या नाण्यांबरोबर लेख कोरलेला एक रुपेरी पत्राही निघाला. तो पॉलच्याच हातचा असे मानतात. दोनशे वीस वर्षांनीही त्यावरील अक्षर वाचता येत होते.

१८११ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्याने कारभार पुत्र-पौत्रांवर सोपविला. १८१३ मध्ये पत्नी रेचेल आणि ज्याने लहानपणी युद्धात दुकान राखले तो थोरला मुलगा, दोघेही गेले. १० मे १८१८ रोजी पॉलने देह ठेवला. मित्राच्या स्मरणार्थ ज्याचे नाव जोसेफ वॉरन ठेवले होते त्या मुलाने गिरणी पुढे वाढविली. बॉस्टनमधील त्याचे राहते लाकडी घर १९०८ पासून लोकांस पाहण्यास खुले आहे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आज आपल्या घरांतील मुलेमुली वैद्यक, स्थापत्य, अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत नाव काढीत आहेत, याचा प्रत्येक ज्ञातिबांधवास अभिमान आहे. त्याबरोबर कित्येक घरांतील बागेसरी विझली आहे, जंतर व ठसे माळ्यावर पडले आहेत आणि साच्यांतून निघालेल्या दागिन्यांपुढे हातघडणीचे मोल मागणारा कारागीर हताश झाला आहे, हेही तितकेच खरे. मुलाने बापाच्याच पाटावर बसावे असा आग्रह आता कोणी धरणार नाही, धरूही नये. पॉल स्वतः चांदीवरून तांब्यावर गेलाच. परंतु तो गेला तो हातातील विद्या बरोबर घेऊन; तिला कमी लेखून नव्हे. आपला जो मुलगा धातुशास्त्र शिकतो, जी मुलगी दातांची वैद्य होते, ती आजोबांच्या फुंकणीपासून फार दूर गेली असे समजू नये. त्यांनी ते नाते ओळखावे एवढीच अपेक्षा.

म्हणून या निमित्ताने मंडळाच्या सभासद कुटुंबांस एक विनंती करावीशी वाटते. घरातील जुनी हत्यारे भंगारात घालू नयेत. वाडवडिलांच्या रोजमेळाच्या वह्या असतील तर त्या जपाव्यात. एका सोनाराच्या वह्या जपल्या गेल्या म्हणूनच आज त्याचे चरित्र लिहिता आले. ज्यांचे हात अजून चालतात अशा वृद्ध कारागिरांजवळ सुट्टीत नातवंडांना बसवावे आणि झाळण कशी धरते, ताव कसा ओळखावा, हे त्यांना एकदा तरी डोळ्यांनी पाहू द्यावे. धंदा पुढे कोणताही करोत, आपल्या नावाचा ठसा खऱ्या कसाच्या मालावरच मारावयाचा, एवढी शिकवण त्यांना त्या पाटापाशी मिळेल. ती मिळाली तर या स्मरणिकेचे व आपल्या मंडळाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.